मॅडम जागेवर का नसतात?

(सामुदायिक रेडिओवरून झालेलं भाषण)

तव्यावर भाकरी असेल तर ती आधी उलटा, रेडिओचा आवाज थोडा मोठा करा आणि मग ऐका. आज मी बचतीच्या हिशोबावर बोलणार नाही. आज बोलायचंय आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांच्या नोकरीबद्दल. त्यांचं काम कसं लावून दिलेलं असतं, त्यांना कुणाकुणाला जाब द्यावा लागतो, आणि त्या मांडणीचे चटके आधी त्यांना आणि मग आपल्याला कसे बसतात, त्याबद्दल.

तुम्ही म्हणाल, डॉक्टरांच्या नोकरीचं आपल्याला काय? पगार त्यांचा, ताण त्यांचा. पण आपल्या गटांची रजिस्टरं उघडा. कर्जाचं कारण लिहायच्या रकान्यात शेळी, शिलाई मशीन, बी-बियाणं यांच्या बरोबरीनं एक शब्द सारखा येतो. तो शब्द म्हणजे ‘दवाखाना’. सरकारी दवाखाना फुकट असताना हे कर्ज का होतं? तिथून आजची गोष्ट सुरू होते.

मागच्या वर्षी आमच्या प्रभागातल्या एका गावची सून, पाचवा महिना, उलट्यांनी बेजार होऊन दुपारी बाराच्या सुमाराला केंद्रावर गेली. मॅडम नव्हत्या. खुर्ची रिकामी, टेबलावर चष्मा तसाच पडलेला. नर्स प्रसूतीच्या खोलीत अडकलेली. शिपाई म्हणाला, “येतील.” पोरीनं दीड तास वाट बघितली, मग सासूनं तिला रिक्षात घालून तालुक्याच्या खाजगी दवाखान्यात नेलं. दोन दिवस सलाईन. गटातून पाच हजारांचं कर्ज निघालं. ती बरी झाली, पण पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीत बाया नुसत्या पेटल्या होत्या. ठरावच लिहून आणला होता: मॅडमची बदली करा.

बैठकीत एक आजी बसलेल्या असतात. सभासद नाहीत, सुनेबरोबर येतात. त्या म्हणाल्या, “ह्या मॅडमच्या आधीचे साहेब गेले तेव्हाबी असाच कागद लिवला होता की गं. अन् त्यांच्या आधीच्याला बी.” खरंच होतं. चार वर्षांत तीन डॉक्टर झाले. पहिले साहेब चिडके, दुसरे अबोल, ह्या मॅडम तशा बोलायला गोड. माणसं तीन तऱ्हेची, तक्रार मात्र एकच: जागेवर नसतात, वर मान करून बघत नाहीत, मुक्कामाला राहत नाहीत. तीन वेगळ्या माणसांबद्दल तीच तक्रार येत असेल तर खोट माणसात आहे की त्या खुर्चीत, हे बघायला नको का? ठराव आम्ही फाडला नाही, बाजूला ठेवला. आधी बघायचं ठरलं.

आता केंद्र म्हणजे काय हे थोडं सांगते, कारण आपण रोज जातो पण त्याची रचना आपल्याला कुणी सांगत नाही. सपाटीच्या भागात साधारण तीस हजार लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावं आणि डोंगरी-आदिवासी भागात वीस हजारांना, असा नियम आहे. त्याच्या खाली उपकेंद्रं, पाच हजारांना किंवा तीन हजारांना एक. आपल्या राज्यात एका केंद्राला सहसा वैद्यकीय अधिकाऱ्यांची दोन पदं असतात. १९४६ साली, स्वातंत्र्याच्याही आधी, भोर समितीनं देशाच्या आरोग्याचा आराखडा दिला. त्यात लगेच सुरू करायच्या टप्प्यात चाळीस हजार लोकांमागे एक केंद्र आणि दोन डॉक्टर असं सुचवलं होतं. तेव्हा मधुमेहाची तपासणी मोहीम नव्हती, टॅबवर भरायची माहिती नव्हती, व्हिडिओ कॉलवरच्या आढावा बैठका नव्हत्या. कामं वाढत वाढत किती झाली, आणि डॉक्टर आपले दोनच. तेही दोन्ही पदं भरलेली असली तर. आमच्या केंद्रावर एक पद दीड वर्ष रिकामं होतं.

मॅडमची परवानगी घेऊन आमच्या सहाजणी एक दिवस केंद्रावर बसल्या. आधी मॅडम जरा बिचकल्या. बायका वही घेऊन समोर बसल्या तर कुणीही बिचकेल. मग म्हणाल्या, “बसा. पण आत पेशंटला तपासताना नको.” म्हणून आमच्या बाया बाहेर बाकावर बसल्या आणि दोनच गोष्टी लिहिल्या. किती केसपेपर आत गेले, आणि मॅडम खुर्चीवरून किती वेळा आणि कशासाठी उठल्या.

तो बाजाराचा दिवस होता. नऊ ते एकच्या दरम्यान केसपेपर झाले एकशे सात. मॅडम उठल्या चौदा वेळा. दोनदा प्रसूतीच्या खोलीत. एकदा मारामारीत डोकं फुटलेल्या माणसाला पोलीस घेऊन आले म्हणून. एकदा औषधांचं खोकं उतरवून घेताना सही पाहिजे म्हणून. तीनदा तालुक्याहून फोन. एकदा वीज गेली आणि लसीच्या फ्रिजचं बघायला. बाकीच्या वेळा असंच काहीबाही, रजेचा अर्ज, दाखला, कुणीतरी ओळखीचं मागल्या दारानं आलं म्हणून. सगळी उठबस मिळून सत्तरएक मिनिटं गेली. चार तासांतून ती वजा करा आणि राहिलेल्याला एकशे सातनं भागा. दीड मिनिटाच्या जरा वर. आमच्या बायांना व्याज काढता येतं, त्यामुळे हा भागाकार त्यांनी बाकावरच केला.

हे दीड मिनिट काही आपल्याच केंद्राचं नाही बरं का. २०१७ साली ६७ देशांतला अभ्यास छापून आला होता, डॉक्टर एका रुग्णाला सरासरी किती वेळ देतात याचा. स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं, बांगलादेशात ४८ सेकंद, आणि भारतात दोन मिनिटांच्या आसपास. दोन मिनिटांत वर मान करून बघणं, “कसं काय, सासू कशी आहे” विचारणं, पोटावर हात ठेवून तपासणं, हे कसं बसवायचं? म्हणून मान खाली राहते. हात लिहीत राहतो. आपल्याला वाटतं आपल्याला हलकं समजतात.

आणि त्या सुनेच्या दिवशी मॅडम कुठे होत्या? केंद्राच्या मागे पत्र्याची एक खोली आहे. आपण तिकडे पोरांनाही जाऊ देत नाही. तिथं शवविच्छेदन चालू होतं. विष प्यायलेल्या एका शेतकऱ्याचं. आपल्या राज्यात खेड्यातली ही कामं बऱ्याच ठिकाणी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनाच करावी लागतात. पंचनाम्याचे कागद घेऊन पोलीस येतात, नातेवाईक बाहेर आक्रोश करत असतात, आणि हे काम सहसा दिवसाउजेडीच करतात, म्हणून संध्याकाळवर ढकलता येत नाही. म्हणजे ओपीडीच्या ऐन वेळेलाच ते येऊन पडतं. दोन डॉक्टर असतील तर एक तिकडे, एक इकडे. एकच असेल तर? मॅडमनी हात धुतले, साडी बदलली आणि पुन्हा येऊन खोकल्याचे पेशंट बघायला बसल्या. तोवर आपली सून निघून गेली होती. पुढे त्याच केसमध्ये कोर्टाची साक्ष लागली तर डॉक्टरांची बदली दुसऱ्या जिल्ह्यात झाली असली तरी त्यांना यावं लागतं. त्या दिवशी तिथली ओपीडी कोण बघणार, हे त्या समन्समध्ये लिहिलेलं नसतं.

आता कुणी म्हणेल, कामं सगळ्यांनाच असतात. शेतावर जा, रोजंदारी करा, मग कळेल. बरोबर आहे. कामाचा ढीग आपल्यालाही आहे. पण ढीग वेगळा आणि तुकडे वेगळे. खुरपणीला बसलेल्या बाईला दर पंधरा मिनिटांनी कुणी हाक मारून विहिरीवर, मग गोठ्यात, मग चावडीवर पाठवलं तर तिची पात लागेल का? दमणूक दुप्पट आणि काम अर्धं. डॉक्टरच्या बाबतीत त्यात चुकीची भीती मिसळते. औषधाचा डोस लिहिता लिहिता उठायचं, परत आल्यावर तो कागद कुणाचा होता ते आठवायचं.

मालक किती आहेत तेही ऐका. केंद्र जिल्हा परिषदेचं. वरती तालुका आरोग्य अधिकारी, त्यांच्या वरती जिल्हा आरोग्य अधिकारी. पण आपण पुढे ज्या ग्रामीण रुग्णालयात पेशंट पाठवतो ते जिल्हा शल्यचिकित्सकांच्या हाताखाली, म्हणजे दुसरंच घर. शिवाय जिल्ह्याला क्षयरोगाचे अधिकारी वेगळे, हिवतापाचे वेगळे, माता-बाल संगोपनाचे वेगळे. प्रत्येकाला आपला अहवाल आज पाहिजे. क्षयरोगाची माहिती ‘निक्षय’वर, गरोदर माता आणि बाळांची आरसीएचवर, महिन्याचा अहवाल एचएमआयएसवर, साथीच्या आजारांचा आणखी तिसरीकडे, रक्तदाब-मधुमेहाचा चौथीकडे. बरीचशी माहिती सिस्टर आणि ऑपरेटर भरतात, पण आकडा चुकला की बोलणं वैद्यकीय अधिकाऱ्याला. आपल्यातल्या ज्या ताई सीआरपी आहेत त्या आत्ता हसत असतील. कागदाच्या रजिस्टरमध्येही लिहा, मोबाईलमध्येही भरा, आणि रेंज नसली की टेकडीवर जाऊन उभ्या राहा. तसंच आहे ते.

आपण गट बांधतो तेव्हा पहिल्याच बैठकीत काय शिकवतो? अध्यक्ष वेगळी, सचिव वेगळी, पैसे सांभाळणारी वेगळी. का बरं? एकीच्याच डोक्यावर सगळं दिलं की चार महिन्यांत ती थकते, नाहीतर तिच्यावर संशय येतो, आणि दोन्हीकडून गट मोडतो. मग तीस हजार लोकांच्या दवाखान्यात हा नियम का नको? तपासणारीही तीच, कारभार बघणारीही तीच, पस्तीसएक कर्मचारी आणि आशाताईंवर देखरेख करणारीही तीच, गाडीच्या डिझेलचा हिशोब देणारीही तीच. डॉक्टर होताना साडेपाच वर्षं शरीर शिकवतात. डिझेलचा हिशोब शिकवत नाहीत.

तामिळनाडूत याची वाटणी जुनी आहे. तिथं १९३९ साली सार्वजनिक आरोग्याचा स्वतंत्र कायदा झाला. साथी, लसीकरण, गावोगावची देखरेख बघणारा अधिकारीवर्ग वेगळा आणि मोठ्या रुग्णालयांत उपचार करणारे वेगळे अशी रचना त्यांनी ठेवली. औषधांच्या खरेदीसाठी १९९४ मध्ये त्यांनी वेगळं महामंडळ काढलं. आपल्याकडे औषध खरेदीसाठी वेगळं प्राधिकरण करायचा कायदा २०२३ मध्ये आला. औषधाचं मी मुद्दाम सांगते, कारण आपल्या भांडणांतली निम्मी औषधावरून होतात. खिडकीवर गोळी नसली की आपण ओरडतो कुणावर? समोर दिसतात त्या डॉक्टरवर. खरेदी त्यांच्या हातात नसते. त्या मागणी पाठवतात आणि वाट बघतात. रुग्णाला काय लागतं ते कळतंय, लिहून द्यायचंय, पण देता येत नाही, आणि समोरचा माणूस आपल्यालाच चोर म्हणतोय. मॅडम एकदा म्हणाल्या होत्या, “कामानं मी दमत नाही हो. ‘नाही’ म्हणून दमते.”

२०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांच्या यादीच्या नव्या आवृत्तीत ‘बर्नआउट’ची व्याख्या दिली. हा आजार नाही, कामाच्या जागी साचत गेलेला ताण नीट हाताळला गेला नाही की होणारी अवस्था आहे, असं त्यांनी म्हटलंय. तिची तीन लक्षणं सांगितली आहेत. अंगातलं बळ संपणं, कामापासून मन दूर जाणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. मी याला करपणं म्हणते. भाकरी करपते तेव्हा पिठाचा दोष क्वचित असतो, आच कुणी किती ठेवली ते बघावं लागतं. चिडके साहेब आणि अबोल साहेब हे मला आता या तीन लक्षणांमध्ये दिसतात. तासांचंही तसंच. आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा साधारण ३५ टक्क्यांनी जास्त असतो, असं जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं २०२१ मध्ये सांगितलं. रात्री दोनला प्रसूती, सकाळी नऊला ओपीडी, हे ज्या डॉक्टरला आठवड्यातून दोनदा करावं लागतं तिचे तास मोजून बघा. शहरातल्या मोठ्या रुग्णालयांतल्या निवासी डॉक्टरांचं तर आणखी वाईट. त्यांना आठवड्याला ४८ तासांची मर्यादा १९९२ च्या केंद्राच्या आदेशात आहे, आणि २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती गटाला ७४ तासांपेक्षा जास्त नको अशी शिफारस करावी लागली. म्हणजे प्रत्यक्षात किती होत असतील ते समजा.

आता मुक्कामाचं. हा मुद्दा बायांना सगळ्यात जास्त टोचत होता. “रात्री-बेरात्री कळा सुरू झाल्या तर मॅडम तालुक्याला.” नियमानं डॉक्टरनं मुख्यालयी राहायचं असतं. आमच्या चारजणी क्वार्टर बघायला गेल्या. छत गळतंय. मोरीच्या दाराला कडी नाही. पाण्याची टाकी फुटलेली. आवारातला दिवा बंद, आणि भिंत एका बाजूनं पडलेली, तिकडून रात्री दारुडे येऊन बसतात. मॅडमना दोन वर्षांची मुलगी आहे. एक ताई तिथंच म्हणाली, “माझ्या लेकीला मी हितं एकटी ठेवली नसती.” ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरवर अत्याचार करून तिला मारलं, ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. ती छत्तीस तासांच्या पाळीत जरा पडायला म्हणून सेमिनारच्या खोलीत गेली होती. झोपायला सुरक्षित खोली असणं ही चैन नाही, ती कामाच्या मांडणीतली गोष्ट आहे. आणि हे नर्सताईंनाही तितकंच लागू आहे. उपकेंद्रावर तर त्या अगदीच एकट्या असतात.

हात उगारण्याचंही बोलते, कारण ते आपल्याच घरातले पुरुष करतात. आपल्या राज्यात २०१० पासून कायदा आहे. डॉक्टर, नर्स, दवाखान्यातल्या कुणालाही मारहाण केली किंवा मोडतोड केली तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. पण माझं म्हणणं कायद्याच्या पलीकडचं आहे. एकदा मार खाल्लेला डॉक्टर पुढे अवघड पेशंटला हात लावत नाही. “पुढे न्या” म्हणतो. आणि पुढे म्हणजे गाडीभाडं, खाजगी, पुन्हा आपलं रजिस्टर.

कुणी विचारेल, ताई, सगळ्याच डॉक्टरांची अशी वकिली करणार का? नाही. सरकारी डॉक्टरांना खाजगी प्रॅक्टिसला बंदी आहे, त्या बदल्यात व्यवसायरोध भत्ता मिळतो. भत्ता घेऊन कुणी तालुक्यात आपला दवाखाना चालवत असेल तर त्याची तक्रार नाव घालून, तारीख घालून करायची. बाईला नीट वागवलं नाही, शिवी दिली, पैसे मागितले, तर तीही. कामाची मांडणी वाईट आहे म्हणून वागणं वाईट चालेल असं नाही. फक्त कुठली तक्रार माणसाची आणि कुठली खुर्चीची, एवढं वेगळं करा. एकाच कागदावर दोन्ही लिहिल्या की वरचे साहेब सोपं काम करतात. माणूस बदलतात, खुर्ची तशीच ठेवतात.

मोठे लोक मोठीच कामं करतात असंही आपल्याला शिकवलेलं असतं. रायगड जिल्ह्यातल्या महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर होते. कोकणात तेव्हा लाल विंचू चावून माणसं मरायची. ते रात्र-रात्र पेशंटच्या उशाशी बसले, नाडी, रक्तदाब लिहीत राहिले, आणि त्यातून प्राझोसिन नावाची गोळी विंचूदंशावर कामी येते हे त्यांनी जगाला दाखवलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. केंद्रातला साधा डॉक्टर पेशंटजवळ बसू शकला तर काय होऊ शकतं ते यातून दिसतं. पण रात्र-रात्र जागून संशोधन करणारा माणूस प्रत्येक केंद्राला मिळेल अशी आशा धरून चालत नाही. आपल्याला साध्या माणसाला साधं काम नीट करता येईल अशी सोय पाहिजे.

तर आम्ही काय केलं? वहीतली पानं घेऊन रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीला गेलो. प्रत्येक केंद्राला ही समिती असते, वैद्यकीय अधिकारी तिचे सचिव असतात आणि किरकोळ गरजांसाठी थोडा निधी असतो. आमच्या ग्रामसंघाच्या अध्यक्षांनी बदलीचा शब्दही काढला नाही. त्यांनी विचारलं, तपासणीआधी वजन, रक्तदाब आणि ताप नर्सताई किंवा आरोग्य सेवक बाहेरच बघून केसपेपरवर लिहू शकतील का? औषधाच्या खोक्याची सही औषध निर्माण अधिकारी करू शकतील का? दाखले आणि रजेचे अर्ज दुपारी तीननंतर घेता येतील का? मॅडम आवारात कुठे आहेत हे लिहायला दाराजवळ एक फळा लावता येईल का?

फळा सगळ्यात आधी लागला. खडू आमच्याच गटानं दिला. ‘शवविच्छेदन, दोन वाजता येतील’ असं लिहिलेलं असलं की माणूस चिडत नाही, बसायचं की जायचं ते ठरवतो. गरोदर बाईला उलट्या होत असतील तर तिला थांबवायचं नाही, सिस्टरनं लगेच बघायचं आणि गरज पडली तर १०२ किंवा १०८ ची गाडी बोलवायची, हेही तिथंच ठरलं. सही आणि दाखल्यांचं जमलं. रक्तदाबाचं अर्धंच जमलं. नर्सताई म्हणाल्या, आमची कामं कोण वाटून घेणार? त्यांचंही खरं होतं. डॉक्टरच्या डोक्यावरचं ओझं काढून नर्सच्या डोक्यावर ठेवलं तर ती वाटणी झाली नाही. आता बाजाराच्या दिवशी उपकेंद्राचे समुदाय आरोग्य अधिकारी आळीपाळीनं दोन तास येतात, पण त्या दिवशी त्यांचं उपकेंद्र उशिरा उघडतं. यावर अजून वाद चालू आहे.

एक गोष्ट गंमत वाटावी अशी झाली. वहीतून कळलं की तालुक्याची आढावा बैठक बऱ्याचदा आमच्या बाजाराच्याच दिवशी असायची. तालुक्यात बसून कुणाला कळणार की कुठल्या गावाचा बाजार कधी? बायांनी तसं पत्र दिलं आणि बैठक दुसऱ्या दिवशी गेली. फुकटात झालेली एवढी मोठी सुधारणा मी दुसरी बघितली नाही.

क्वार्टरचं छत मात्र जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे अडकलंय. कडी, दिवा आणि टाकी समितीच्या निधीतून झाली. भिंत ग्रामपंचायतीनं करतो म्हणून ग्रामसभेत कबूल केलंय, विटा अजून पडायच्यात. मॅडम आठवड्यातून तीन रात्री राहतात. सातही रात्री राहाव्यात असं आम्हाला वाटतं आणि त्यांनाही ते माहीत आहे.

रिकामं पद भरलं, पण कसं ते सांगते. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्यांना सरकारला एक वर्षाची बंधपत्रित सेवा द्यावी लागते. तसे एक तरुण डॉक्टर आलेत. चांगले आहेत. त्यांचं वर्ष संपलं की ते पुढच्या शिक्षणाला जाणार, आणि पद पुन्हा उघडं पडणार. म्हणून बदलीचा जो ठराव आम्ही बाजूला ठेवला होता, त्याच्याच पाठीमागच्या कोऱ्या बाजूला नवा ठराव लिहिलाय: दुसरं पद कायमचं भरा, आणि तोवर एकाचं वर्ष संपण्याआधी दुसऱ्याची नेमणूक करा. चार गावांच्या ग्रामसभांमध्ये तो मंजूर करून घ्यायचाय. दोन झाल्यात.

तुमच्या गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आहे. तिच्यात निम्म्या तरी बायका असाव्यात असं मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे, आणि आशाताई तर असतेच. तिला विचारा, आपल्या केंद्रावर मंजूर पदं किती, भरलेली किती, रिकामी कधीपासून. उत्तर तारखेसह लिहून घ्या. आणि एक दिवस बाकावर बसून बघायचं असेल तर डॉक्टरांना आधी विचारा, मोबाईलवर फोटो काढू नका, आणि कुणाला काय आजार आहे ते वहीत लिहू नका. नुसते आकडे पुरतात.

पुढच्या भागात उपकेंद्रावरच्या एका आरोग्यसेविका ताई स्वतः येऊन बोलणार आहेत, त्यांचे प्रश्न आपल्याकडे आधीच आलेत. तुमचे असतील तर गटाच्या बैठकीत लिहून सचिवांकडे द्या. येते मी. नमस्कार.